'एडिटिंगसाठी' कॉम्प्युटर कसा घ्यावा

एडिटिंग आणि गेमिंग या दोन्हींसाठी कॉम्प्युटर असेंबल करताना सर्वांत आधी कारण निवडावे. ते पक्के नसेल तर गोष्ट प्रोसेसरपर्यंत जातच नाही. नाशिककर सध्या या बाबतीत सुदैवी आहेत. 2027 ला सिंहस्थ आहे. 'कुंभात व्हिडिओची कामं निघतील' हे वाक्य पंचवटीपासून सिडकोपर्यंत कुठल्याही घरात खपते. नाहीच खपले तर दादासाहेब फाळके काढावेत. माणूस त्र्यंबकेश्वरचा. 1912 साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेला, कॅमेरा घेऊन आला आणि 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. हा दाखला आईसमोर द्यावा. वडिलांसमोर दिल्यास ते काही बोलत नाहीत; फक्त विम्याची फाइल दुसऱ्या कपाटात जाते.

'गेमिंग' हा शब्द कोटेशनवर कुठेही येता कामा नये. दुकानदाराला तसे आधीच सांगून ठेवावे. एमजी रोडवरचे दुकानदार समजूतदार असतात. त्यांनाही मुलं आहेत.

आता प्रोसेसर. खोक्यावरच्या नंबराचे शेवटचे अक्षर तेवढे आपण वाचावे, बाकीचे दुकानदार वाचून दाखवतोच. इंटेलच्या आय फाइव्ह 12400 पुढे एफ असेल, तर त्यात आतले ग्राफिक्स नसते आणि म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. गेम खेळणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही, तो वेगळे कार्ड लावणारच. अडते ते लग्नाच्या मिक्सिंगवाल्याचे. एडियससारखी सॉफ्टवेअरं त्या आतल्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंकवर भराभर फाइल काढतात. शिवाय नव्या कॅमेऱ्यांचे 4:2:2 दहा बिटांचे एच 265 फुटेज न अडखळता चालवण्याचे कामही तेच करते. एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांना ते जमायला 2025 मधली 50 सिरीज यावी लागली. तेव्हा इंटेल घेणार असाल तर एफ नसलेला घ्या. घरी सांगितलेले कारण खरे ठरवणारा संपूर्ण यादीतला हा एकमेव पार्ट आहे, म्हणून जेवताना त्याच्याविषयी भरपूर बोलावे.

रॅमचा भाव ऐकताना चेहरा स्थिर ठेवावा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि 2025 च्या अखेरीस रॅम लासलगावच्या कांद्यासारखी चढली. फरक इतकाच, की या तेजीत जिल्ह्यातल्या कुणाचेच भले झाले नाही. तरीही 32 जीबी घ्यायची तर 16 च्या दोन स्टिक घ्याव्यात. चार खाचांच्या बोर्डात त्या बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करायला विसरू नये. नाहीतर आपण 6000 च्या स्पीडचे पैसे मोजलेले असतात आणि रॅम तिच्या मूळ, निवांत स्पीडने चाललेली असते. विचारणारे कुणी नसते.

ग्राफिक कार्ड हा आपला खरा हेतू, म्हणून त्याचा उल्लेख ओझरता करावा. घरी त्याला 'रेंडरिंगचं कार्ड' म्हणावे. हे खोटेही नाही. कलर आणि इफेक्टचे बरेचसे काम तेच ओढते. मात्र 'याला तीन पंखे कशाला?' हा प्रश्न येणारच. त्यावर एप्रिलमधल्या नाशिकच्या उन्हाकडे बोट दाखवावे. रंगीत दिव्यांबद्दल मात्र अजून कुणालाही पटेल असे कारण सापडलेले नाही.

या टप्प्यावर बजेट संपते आणि लोक एसएमपीएसवर हात आखडतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस वापरू नये. त्यावर लिहिलेले वॅट हे शुभेच्छा म्हणून वाचावेत. जुना 600 व्हीएचा यूपीएसही या कामाचा नाही: तो साधारण 360 वॅटचा असतो, आणि गेम रंगात आल्यावर वीज गेली की तोही विजेबरोबर जातो.

लग्नाचे फुटेज किती जागा खाते याचा हिशोब एकदा कागदावर करून वडिलांना दाखवावा: 100 एमबीपीएसने चालणारा एक कॅमेरा तासाला 45 जीबी भरतो. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, आणि कॅमेरे दोन. मग 2 टीबीची एनव्हीएमई कुणालाच जास्त वाटत नाही. त्यातली निम्मी कशाने भरणार, हा भाग हिशोबात धरू नये.

'लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतं' म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून लोकल, ग्रँट रोड, दिवसभर उन्हात घासाघीस, आणि परतताना मांडीवर कॅबिनेट. वाचलेले पैसे येता-जाता खाण्यात जातात, आणि वॉरंटीसाठी पुन्हा कसारा घाट. पक्के बिल घेऊन गावातच घ्यावे.

सगळे जोडून झाल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावावी, वरच्या मदरबोर्डाला नव्हे. सर्वांत महागडा पार्ट स्वस्थ बसवून ठेवण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

पहिल्या दिवशी गेम उघडू नये. आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट स्टुडिओतून आधीच डिजिटल करून आणलेली असावी. ती सर्वांना बसवून लावावी. कोणती आत्या का रुसली होती आणि जिलबी खरोखर कमी पडली होती का, यावर किमान तीन तास जातात. शंभरेक जीबीचा गेम तेवढ्यात मागे डाउनलोड होतो, आणि वाय-फाय बंद करायला कुणी उठत नाही.