उकळून पाहणारे नाना

आमच्या गल्लीतले नाना बाथरूमसाठी कपाट बघायला निघाले की बऱ्हाणपुरातले शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंतचे प्लायवूडवाले पोऱ्याला गल्ल्यावर बसवून स्वतः गोदामात शिरतात. नाना भांडत नाहीत, घासाघीस करत नाहीत, भावदेखील सगळ्यात शेवटी विचारतात. पण त्याआधी जे विचारतात, ते दुकानदारापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं. खरा त्रास तो आहे.

"नानाजी, ले जाओ, लाइफटाइम चलेगा," एकानं सांगून पाहिलं.

"किसका लाइफटाइम? मेरा या प्लाय का?" नानांनी शांतपणे विचारलं. त्या दिवसापासून ते दुकान नानांना पाहिलं की जेवणाची सुट्टी घेतं.

असा एकेक नाना बऱ्हाणपुरात मोहल्ल्यामोहल्ल्यांत निघेल. पण आमचे नाना नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या शंकेला शास्त्राचा आधार आहे. वर्तमानपत्राचा कागद काढणारा देशातला हा पहिला कारखाना, १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला. सलई आणि बांबूचा लगदा कसा होतो हे नानांनी नोकरीभर पाहिलं. त्यामुळे शोरूममधल्या पोरानं एमडीएफचं गुळगुळीत पांढरं कपाट पुढं केलं, की नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "हा आमचाच आहे. लगदा. वाळवला, दाबला, वर छान पान चिकटवलं. पण पाणी दिसलं की त्याला आपलं मूळ आठवतं."

मग पार्टिकल बोर्ड. त्याचं तर नाना नावही घेत नाहीत, 'तो भुसा' म्हणतात. पीव्हीसी पाण्याला घाबरत नाही हे त्यांना मान्य, पण त्यात स्क्रू धरत नाही, दार वर्षभरात लोंबतं. डब्ल्यूपीसी बरा, पण वजनदार. आणि नानांची भिंत म्हणजे जुन्या घराची माती-विटांची, तिला आधीच दम लागतो. उरला प्लायवूड. इथं नानांच्या डोळ्यांत चमक येते, कारण इथं आकडे आहेत.

साधा बीडब्ल्यूआर प्लाय मानकाप्रमाणे उकळत्या पाण्यात ८ तास टिकला पाहिजे. मरीन म्हणतात तो बीडब्ल्यूपी, आयएस ७१० चा, ७२ तास. हे नानांनी एकदा वाचलं आणि मग त्यांनी दुकानदाराकडून तुकडे आणले, त्यांवर पेन्सिलीनं नावं टाकली आणि नानीच्या मोठ्या पातेल्यात शिजायला ठेवले. पहिला तुकडा संध्याकाळपर्यंत पुरीसारखा फुगला. दुसऱ्याची परीक्षा रात्रीही चालू राहिली. तिसऱ्या दिवशी नानीनं विचारलं, "अहो, आपण बाथरूममध्ये अंघोळ करणार आहोत की साबुदाणा शिजवणार?" ७२ तास काही पूर्ण झाले नाहीत. सिलिंडर आधी संपला.

तसं पाहिलं तर नानांचं चुकत नव्हतं. ही कपाटं ज्या देशांतून आली तिथं न्हाणीघर कोरडं असतं. काचेच्या खोक्यात माणूस भिजतो, बाकी जमीन कोरडी. आपण बादली-तांब्याची माणसं. पहिल्या तांब्यालाच पाणी चारी भिंतींवर. त्यामुळे जमिनीवर टेकलेलं कपाट म्हणजे आपल्याकडे वाळवीला आणि कुजण्याला निमंत्रण. ते भिंतीवर टांगलेलंच हवं. पाणी सपाट बाजूनं शिरत नाही, कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून शिरतं, म्हणून कडेची पट्टी नीट चिकटवलेली बघावी. बेसिनवरचं आरशाचं कपाट चार-पाच इंचांपेक्षा खोल असू नये, नाहीतर चूळ भरायला वाकलेला माणूस वर येताना कपाळमोक्ष करून घेतो. हे सगळं मी नानांकडूनच शिकलो. एवढं ज्ञान असूनही त्यांच्या घरी दाढीचं सामान अजून खिडकीच्या कठड्यावर होतं.

त्यात बोअरचं पाणी जड. नळावर पांढरे थर, आरशावर डाग. नानांनी मिस्त्रीला कुंडी भंडाऱ्याचा दाखला दिला. मोगलांनी १६१५ च्या सुमाराला सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, ते अजून वाहतं. तिथल्या भिंतींवरही चुन्याचे थर आहेत, पण भिंती उभ्या आहेत. "उन्होंने कहीं प्लाय लगाया? कोनाडा किया, कोनाडा!" मिस्त्री म्हणाला, आपण कोनाडा करू. नाना म्हणाले, या भिंतीत कोनाडा पाडला तर शेजारच्यांचं स्वयंपाकघर दिसेल.

मग तिकीट काढून दोघं किल्ल्यातला शाही हमाम बघायला गेले. मुमताज महलसाठी बांधला म्हणतात तो. छतावरची रंगीत नक्षी पाहायला लोक माना वर करतात. नानांनी मान खाली ठेवून, साबण-तेल ठेवायची सोय कुठं आहे ते शोधलं. बराच वेळ टेप लावून बघितल्यावर त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "बेगम का उबटन रखते कहाँ थे?"

"नानाजी, उनके पास बांदियाँ थीं," मिस्त्री म्हणाला. "आपके पास नानीजी हैं।"

हे तो किल्ल्यात बोलला म्हणून वाचला.

बिजागऱ्यांचा अध्याय वेगळाच. नाना खिशात चुंबक घेऊन फिरतात. स्टील ३०४ असेल तर चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून प्रत्येक दुकानात प्रत्येक बिजागरीला, कडीला, स्क्रूला चुंबक. पुण्याचा मुलगा मोबाईलवर तयार कपाटांचे फोटो पाठवायचा. नाना फोटो मोठा करून बिजागरी बघत आणि उत्तर लिहीत: 'चुंबक लावल्याशिवाय सांगता येणार नाही.'

गंमत अशी, की गल्लीतली निम्मी बाथरूमं नानांच्या सल्ल्यानं उभी राहिली आहेत. दुसऱ्याचं कपाट असलं की हाच माणूस चहा गार व्हायच्या आत निवडून देतो. हे घ्या, कडा बघा, बिजागरी बदलून मागा, चला. निवडलेल्या मालाच्या पाठीवर पेन्सिलीनं स्वतःची बारीक खूण करतात, म्हणजे दुकानदारानं बदलू नये. घरी आले की पुन्हा कठडा, पुन्हा पातेलं. स्वतःचं कपाट बसलं, तर रोज संध्याकाळी पायजमा-सदरा घालून, टेप घेऊन माणसानं जायचं कुठं?

ही मेख नानीनं ओळखली होती. एक दिवस ती माझ्या बायकोकडे आली, दार लोटून बराच वेळ दोघी बोलल्या. संध्याकाळी माझी बायको नानांकडे गेली. "नाना, आमच्या बाथरूमला कपाट घ्यायचं आहे. यांना काही कळत नाही." (हे वाक्य तिला पाठ करावं लागलं नाही.) "मापं ही घ्या, तुम्हीच निवडून द्या."

मापं नानांच्याच भिंतीची होती. नानांनी ती वाचली आणि म्हणाले, "सोपी भिंत आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी बीडब्ल्यूपीचं, भिंतीवर टांगायचं, साडेचार इंच खोल आरशाचं कपाट निवडलं, दोन बिजागऱ्या बदलून घेतल्या, पाठीवर खूण केली, आणि दुकानदारानं आनंदानं पुढं केलेली मावा जिलेबी खाऊन ते निवांत मुलीकडे रावेरला गेले. परत आले तेव्हा मिस्त्री कपाट टांगून, पैसे घेऊन, नमाजाला निघून गेला होता.

नाना न्हाणीघराच्या दारात उभे राहिले. वाकून त्यांनी बाजूनं पेन्सिलीची खूण ओळखली.

"हे तर मी शेजाऱ्यांसाठी निवडलं होतं."

"मग वाईट आहे का?" नानीनं विचारलं.

"वाईट कुठं म्हणतोय? त्यांच्यासाठी उत्तम होतं." नानांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आवाज झाला नाही. जरा हिरमुसल्यासारखे झाले, मग एकदम सावरले. "टांगायला स्क्रू कुठले वापरले त्यानं? ते मी कुठं पाहिलेत?"

आणि चुंबकासाठी त्यांनी खिशात हात घातला. चुंबक तिथं नव्हतं. नानीनं ते काढून फ्रिजच्या दाराला लावलं होतं, आणि त्याखाली सिलिंडरची पावती दाबून ठेवली होती.