पतंजली आणि सामाईक जिना

महसूल खात्याच्या दफ्तरात उभी हयात घालविलेल्या, आणि एका ओळीच्या मजकुरासाठी चार पाने खर्ची घालण्याची विद्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली आत्मसात केलेल्या माझ्यासारख्या इसमाला पतंजलीविषयी जो आदर वाटतो, तो मुळात आध्यात्मिक नसून निव्वळ कचेरीतला आहे. चित्त, क्लेश, कर्म, ईश्वर, समाधी, सिद्धी आणि अखेर कैवल्य, एवढ्या अवाढव्य प्रकरणांचा निकाल या गृहस्थाने अवघ्या १९५ सूत्रांत लावला आहे. (काही पोथ्यांत ती १९६ भरतात, परंतु एवढी तफावत आमच्या खात्यात कोणी मनावर घेत नसे.) त्यांत ‘सबब’ नाही, ‘उपरोक्त’ नाही, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ तर नाहीच नाही. हा मनुष्य आमच्या कचेरीत नोकरीस असता, तर दोन महिन्यांच्या आत त्याची बदली झाली असती.

निवृत्तीनंतर रक्तदाबाने आणि सौभाग्यवतीने एकाच सुमारास मजकडे लक्ष पुरवावयास आरंभ केला, आणि त्या दोघांच्या संगनमताने माझी रवानगी आमच्या सोसायटीच्या सभागृहात पहाटे भरणाऱ्या योगवर्गात झाली. वर्गाला जाण्यापूर्वी मूळ कायदा वाचून जावा, या जुन्या शिस्तीस अनुसरून मी योगसूत्रे सभाष्य वाचून काढली होती. आणि त्या सबंध ग्रंथात आसनांसाठी केवळ तीन सूत्रे मुक्रर केलेली असून त्यांतही कोणत्या आसनात कोणता पाय कोठे न्यावा याचा यत्किंचित उल्लेख नाही, ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी शिक्षिकाबाईंच्या निदर्शनास आणून दिली. वयाने माझ्या धाकट्या कन्येएवढ्या असलेल्या त्या बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “काका, आधी पायाच्या अंगठ्याला हात लावा, मग पतंजलीला.” या शेऱ्यावर अपील करण्याची सोय नव्हती, आणि पायाचा अंगठा अद्यापि माझ्या अधिकारक्षेत्राच्या बाहेर आहे.

तसे पाहता आसनांना नावे ठेवण्याची मुभा आपल्याकडे कोणाला राहिलेली नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांतून पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले, आणि स्वतः राजेसाहेबच रोज नमस्कार घालीत असल्यामुळे प्रजेला हरकत घेण्यास तोंड उरले नाही. इकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून उड्डियान आणि नौली करणाऱ्याच्या पोटात हवेचा दाब किती उतरतो, हे क्ष-किरणांच्या आणि यंत्रांच्या साहाय्याने मोजून दाखविले. ज्या राज्यात योग्याच्या आतड्याचासुद्धा पंचनामा झालेला आहे, तेथे माझ्यासारख्याने ‘मूळ ग्रंथात हे नाही’ असे म्हणत बसण्यात अर्थ नव्हता. सबब मी सतरंजी पसरली.

परंतु माझे खरे कुतूहल होते ते पहिल्या पादातील तेहतिसाव्या सूत्राविषयी. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवान माणसाविषयी मुदिता म्हणजे हर्ष, आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा, एवढ्या चार कलमांनी चित्त प्रसन्न होते, असा त्याचा आशय. वरकरणी हा हुकूम मोठा सौम्य दिसतो; पण ज्याला चार बिऱ्हाडांच्या इमारतीत राहून त्याची अंमलबजावणी करावयाची आहे, त्याने पतंजलीला पुण्यातल्या पेठांची माहिती असावी, अशी शंका घेतली तर ती निराधार म्हणता येणार नाही.

करुणेचे कलम सोपे आहे. आमच्याकडे कोणाचा पाय मोडला, की प्लास्टर वाळण्यापूर्वी चहाचे थर्मास दारात उभे राहतात. रुग्णालयात भेटीची वेळ संपल्याची घंटा होते, तरी करुणा हटत नाही. आणि दुखणे जितके असाध्य, तितका तिचा सूर स्वच्छ लागतो. अडचण येते ती सुखाची. वरच्या मजल्यावरील गृहस्थांच्या चिरंजीवांनी नवी मोटार घेतली, तेव्हा पेढे खाण्यास सर्व मंडळी एकदिलाने जमली खरी, तथापि मोटारीभोवती प्रदक्षिणा घालताना जो तो तिच्या हप्त्यांचे, पेट्रोलचे आणि पावसाळ्यात गंजणाऱ्या पत्र्याचे चिंतन करीत होता. अर्थात सुखी माणसाला प्रथम दुःखी ठरवून मग त्याजविषयी करुणा बाळगण्याची खटपट चालली होती, कारण करुणेचा आमचा सराव दांडगा.

मुदितेची कथा याहून बिकट. आमच्या आवारातील एक वृद्ध गृहस्थ कोणी न सांगता रोज सकाळी फाटकापुढला पालापाचोळा झाडतात. ही गोष्ट निर्विवाद पुण्याची. तिने चित्तात हर्ष उत्पन्न व्हावा, असा पतंजलीचा स्पष्ट निर्देश आहे. प्रत्यक्षात उत्पन्न झाली ती चौकशी. कोणी म्हणाले, त्यांना समितीच्या निवडणुकीस उभे राहावयाचे असेल. कोणी म्हणाले, घरात सुनेशी पटत नसेल. आणि एका सूक्ष्म बुद्धीच्या काकूंनी तर, “आज झाडतात, उद्या आपल्यालाही झाडायला लावतील,” असे भाकीत करून प्रकरण धोरणात्मक पातळीवर नेले. राहता राहिली उपेक्षा. ती अपुण्यवानाच्या वाट्याची. पण ज्याचे पाऊल वाकडे पडले आहे असा इसम आजूबाजूला असता, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा, त्याच्याकडे येणारी माणसे आणि त्याच्या दारातील दुधाच्या पिशव्या यांची जेवढी बिनचूक नोंद आमच्या इमारतीत ठेवली जाते, तेवढी तलाठ्याने पिकांची ठेवली असती तर महसूल खात्याचे कल्याण झाले असते. उपेक्षा आम्ही राखून ठेवतो ती पालापाचोळा झाडणाऱ्यासाठी.

सांख्ययोगाच्या मताने अखेरचे मुक्कामाचे ठिकाण कैवल्य होय: पुरुषाने प्रकृतीपासून सुटून आपल्या स्वरूपी एकटे राहणे. मग ज्याला अखेर एकट्यानेच राहावयाचे आहे, त्याला वाटेत इतके शेजारी का भेटवावेत, हा मला पडलेला पेच. अष्टांगांच्या आरंभी जे पाच यम सांगितले आहेत, ते पाहावेत तर गुहेत बसलेल्या साधकाला त्यांतला बहुतेक भाग आचरता येण्याजोगाच नाही. जेथे मारावासा वाटेल असा कोणी समोर नाही, तेथील अहिंसेला किंमत काय? अस्तेयासाठी निदान शेजाऱ्याचे वर्तमानपत्र आपल्या दारात पडलेले असावे लागते, आणि ते घडी न मोडता वाचून परत ठेवणे हे अस्तेय की स्तेय, याविषयी भाष्यकारांनी मौन पाळले आहे. तिसऱ्या पादातील सिद्धींमध्ये दुसऱ्याच्या चित्ताचे ज्ञान होण्याचीही एक आहे. आमच्या भिंतींची जाडी लक्षात घेता तिजसाठी संयमाची आवश्यकता नाही.

येथे मला आमच्या समोरच्या बिऱ्हाडाची कैफियत देणे प्राप्त आहे. तेथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक स्टेशनमास्तर राहतात. जिन्याच्या वळणावरील मोकळी जागा सामाईक असून, तेथे चपलांचे कपाट ठेवण्याची वहिवाट कोणाची, या मुद्द्यावर त्यांचे व माझे संभाषण पुष्कळ वर्षांपासून बंद आहे. पत्रव्यवहार चालू आहे. तो समितीच्या चिटणिसांमार्फत होतो. माझ्या अर्जांत कलमे असतात, त्यांच्यात वेळा असतात. ‘दिनांक अमुक रोजी सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी कपाट चार इंच पूर्वेस सरकलेले आढळले’, अशी भाषा लिहिणाऱ्या मनुष्याशी मैत्री करावी की त्याची उपेक्षा, हे ठरण्यासाठी तो सुखी आहे की अपुण्यवान, हे आधी ठरावे लागेल, आणि तो निर्णय न्यायप्रविष्ट आहे.

तथापि योगवर्गात त्यांची सतरंजी माझ्या सतरंजीशेजारीच असते, कारण पंख्याखालच्या त्याच दोन जागा. वर्गाच्या अखेरीस ओंकार म्हणतात. माझा श्वास अपुरा आहे. अर्ध्या ओंकारातच तो संपतो, आणि मला मध्येच थांबून हवा भरून घ्यावी लागते. स्टेशनमास्तरांचा श्वास लांब, पण त्यांना मकारावर खोकला येतो. मागच्या रांगेतील वहिनींचा ओंकार उशिरा सुरू होतो, कारण त्या आधी आजूबाजूला पाहतात. असा प्रत्येकाचा ओंकार कोठे ना कोठे फाटका. परंतु ज्याचा श्वास तुटला, त्याच्या जागी दुसऱ्याचा चालू असल्यामुळे दाराबाहेर उभ्या असलेल्या दूधवाल्याला तो एकसंध ऐकू येतो. प्रणव हा ईश्वराचा वाचक आहे, त्याचा जप आणि अर्थचिंतन करावे, एवढेच पतंजली सांगतो. तो श्वास कोणाचा असावा, याविषयी त्याने अट घातलेली नाही.

इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००१ साली एक निबंध छापला. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना असो की मंत्र असो, तो म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो, आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्याच्याशी मिळते, असे त्यांना आढळले. ज्यांचे देव वेगळे, भाषा वेगळ्या, त्यांची श्वासाची संख्या तेवढी एक, हे वाचून मला फार संतोष वाटला. सौभाग्यवतीला तो निबंध सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “अहो, मग तुमचा मिनिटाला सोळावर कसा?” संशोधनाला अपवाद असतात.

पण खरी परीक्षा एकादशीच्या विष्णुसहस्रनामाची. महाभारताच्या अनुशासनपर्वात शरशय्येवरील भीष्मांनी युधिष्ठिराला सांगितलेली ही सहस्र नामे आमच्या सभागृहात जमणाऱ्या प्रत्येकाला ‘येतात’. म्हणजे असे की, पहिले काही श्लोक सर्वांना खणखणीत येतात, फलश्रुती त्याहून खणखणीत येते, आणि मधला प्रदेश ज्याचा त्याच्या हिश्श्याप्रमाणे येतो. एका काकूंनी सारा पाठ सासूबाईंच्या तोंडून स्वयंपाकघरात ऐकून उचलला. त्यामुळे भात शिजतानाचे श्लोक त्यांना चोख येतात, आणि फोडणीच्या वेळचे कायमचे गळालेले आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या कॅसेटवरून शिकले, परंतु त्या कॅसेटची दुसरी बाजू पहिल्याच वर्षी यंत्रात गुंतली. मी पोथीवरून म्हणतो. पण पोथीचा टाइप आणि माझा चष्मा यांचे एकमत नाही. सारांश, संपूर्ण पाठ येणारा एकही मनुष्य त्या सभागृहात नसतो, आणि दर एकादशीला पाठ संपूर्ण होतो.

तो होतो याचे बरेचसे श्रेय स्टेशनमास्तरांना द्यावे लागते, आणि ते मी लेखी देत आहे. सहस्रनामात काही नामे पुनःपुन्हा येतात. एकट्या ‘प्राणद’ या नामाची चार ठिकाणी हजेरी आहे. त्यांतील दोन ठिकाणी त्याच्या पाठोपाठ ‘प्रणव’ येतो, आणि घात होतो तो तेथे. ‘प्रणव’ हे मोठे जंक्शन आहे: त्यापुढे ‘पृथु’च्या रुळावर गाडी गेली, तर आपण चारशे दहाव्या नामाशी असतो, ‘पण’च्या रुळावर गेली, तर एकदम नऊशे अठ्ठावन्नाव्याशी. रात्री कोणाला लग्नाला जावयाचे असले, म्हणजे सभेचा कल नकळत ‘पण’कडे होतो, आणि पाचशेहून अधिक नामे तिकीट न काढता ओलांडली जातात. याउलट प्रसंग अधिक भयंकर. एका आषाढी एकादशीला आम्ही शेवटच्या ‘प्रणवा’वरून ‘पृथु’कडे मागे फिरलो, पुन्हा सारा मध्य ओलांडून त्याच ‘प्रणवा’शी आलो, पुन्हा ‘पृथु’. आणि पाठाला अंत का येत नाही, याचा विचार करण्याची शक्ती कोणात उरली नव्हती. साबुदाण्याची खिचडी थंड होत होती. तेव्हा स्टेशनमास्तरांनी डोळे न उघडता, मकारावरचा खोकला गिळून, ‘पण’ एवढे एकच अक्षरद्वय अशा सुरात उच्चारले, की चाळीस माणसांची गाडी जागच्या जागी रूळ बदलून मार्गी लागली. त्यांच्याविरुद्ध माझे तीन अर्ज प्रलंबित असताना मीही त्यांच्या मागोमाग गेलो. तशी वहिवाटच पडली आहे: ‘प्रणव’ जवळ आला, की पोथीतून मान वर काढून मी त्यांच्या ओठांकडे पाहतो. त्या बदल्यात पाचशेच्या आसपास एक श्लोक त्यांना कधीच आठवत नाही. तेथे ते मजकडे पाहत नाहीत, पण आवाज उतरवून वाट पाहतात, आणि मी तो जरा मोठ्याने म्हणतो. याविषयी आमच्यात कोणताही करार झालेला नाही.

गेल्या महिन्यात समितीने नोटीस लावली, की एकादशीच्या सायंकाळी सभागृह वाढदिवसांसाठी भाड्याने देण्यात येईल व पाठ करणाऱ्या मंडळींनी गच्चीवर बसावे. गच्चीवर पंखा नाही. निषेधाचा मसुदा मी त्याच रात्री तयार केला, चौदा कलमांचा, आणि सह्यांसाठी दारोदार फिरविला. मात्र समोरच्या दाराशी तो स्वतः न नेता चपलांच्या कपाटावर ठेवला, कारण ती जागा सामाईक आहे. सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी तो माझ्या दाराखालून आत आला. माझ्या सहीच्या लगत स्टेशनमास्तरांची सही होती. कलम नऊमध्ये त्यांनी तांबड्या शाईने ‘वाढदिवस सायंकाळी ७ ते १० असल्यास पाठ ५-३० ते ६-४५ करता येईल, मध्ये पंधरा मिनिटे झाडलोट’ असे वेळापत्रक घातले आहे, आणि ते योग्य आहे. शिवाय दोन ठिकाणी माझे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आहेत. त्यांतील एक दुरुस्ती साफ चुकीची असून, तिजसंबंधी मी चिटणिसांमार्फत स्वतंत्र अर्ज देत आहे.