शोषखड्ड्याचं पाच मीटर सोवळं

हॅरो, लंडन

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,

इथल्या घराच्या मागच्या अंगाला वाढवायच्या खोलीचा तुमचा आराखडा पोचला. देवघर ईशान्येला, आईच्या बरण्यांना कपाट, सगळं यथास्थित. फक्त खोली नेमकी शोषखड्ड्याच्या डोक्यावर बसते. "वर स्लॅब टाका, कोणाला दिसतंय?" हा समासातला शेराही वाचला. दिसणार कोणालाच नाही, बाबा, पण पाणी स्लॅबला भीत नाही. छपराचं पाणी पन्हळीतून त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथून मातीत मुरतं. इथल्या बांधकाम नियमांची 'अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट एच' ही पुस्तिका म्हणते, की असा खड्डा कुठल्याही इमारतीच्या ५ मीटरच्या आत नको. आतलं प्लास्टिकचं क्रेट नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळ असतं, म्हणजे त्यावरची भिंत बव्हंशी हवेवर उभी. शिवाय हॅरोची चिकणमाती आपल्या कपाशीच्या काळ्या रानाची सख्खी बहीण: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पायाशेजारी तिला पाणी पाजत राहिलं, तर देवघर ईशान्येलाच राहील याची हमी वास्तुशास्त्रही देणार नाही.

तुमचा पहिला आक्षेप मला इथूनच ऐकू येतोय: मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, लंडनला जेमतेम ६००, आणि आपल्याकडे गावोगावी शोषखड्डे घरालगतच असतात. पण त्यात मोरीचं पाणी जातं, बादलीबादलीनं. इथे हिशेब वर्षाच्या पावसाचा नाही, एका जोरदार सरीचा असतो. लहान छपरासाठी पुस्तिका ५ मिनिटांत १० मिलिमीटर पाऊस धरते. २० चौरस मीटर छपराचं ते २०० लिटर पाणी झालं. नवी खोली आली की छप्पर वाढतं, म्हणजे ज्या खड्ड्याला आपण गाडायला निघालो, त्याचंच काम वाढतं.

दुसरा आक्षेप वकिली: पुस्तिका म्हणजे मार्गदर्शन, कायदा नव्हे. मान्य. वेगळी रचना सुरक्षित आहे हे पटवून दिलं, तर बांधकाम निरीक्षक ती मंजूर करू शकतो. पण निरीक्षकाला पटवता येतं, चिकणमातीला नाही. मग खड्डा हलवायचा कुठे? परसाची लांबी ९ मीटर. खोलीला ३ आणि सोवळ्याला ५ गेले, की कुंपणाशी मीटरभर पट्टी उरते, आणि तिथून मागच्या शेजाऱ्याच्या घराचं अंतरही मोजायचं. तिथेही आधी परीक्षा: ठरलेल्या पातळीवर ३०० मिलिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा काढायचा, पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाऊण भागापासून पाव भागापर्यंत उतरायला लागणारा वेळ मोजायचा, आणि हे तीनदा. पाणी तसंच राहिलं, तर तिथला शोषखड्डा म्हणजे नुसता हौद. मग आधी जवळच्या ओढ्याचा विचार, आणि तोही नसला तर परवानगी काढून सार्वजनिक गटार. पावसाचं पाणी गटारात सोडत नाही म्हणून मिळणारी बिलातली सूट मात्र तेव्हा जाते.

म्हणून विनंती एवढीच: पुढच्या आराखड्यात आधी शोषखड्डा काढा, मग खोली. जागा पुरली नाही, तर खोली आखूड करा. हवं तर आईच्या कपाटाला हात न लावता माझं टेबल काढा.

तुमचा
(स्लॅब वगळता) आज्ञाधारक मुलगा