माजीसाहेबांची क्रियापदं

पद सोडून वर्षं लोटली, पण शिक्का अजून घरीच, असे एक गृहस्थ प्रत्येक हाउसिंग सोसायटीत, गणेशोत्सव मंडळात आणि सार्वजनिक वाचनालयात असतात. त्यांना आपण माजीसाहेब म्हणू. एरवी त्यांचं मराठी खणखणीत. वॉचमनला, प्लंबरला आणि नव्या सेक्रेटरीला ते मराठीतच झापतात. पण काही सोडायची वेळ आली की त्यांना इंग्रजी फुटतं. ‘मी तर केव्हाच रिझाइन केलंय. चार्ज रिलिंक्विश केलाय. रिक्षाभाडंसुद्धा वेव्ह केलं होतं. आय हॅव रिनाउन्स्ड एव्हरीथिंग!’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विरक्त राजर्षी उभा राहतो. शेअर सर्टिफिकेटांचं पुस्तक, नमुना ‘आय’ आणि ‘जे’ची रजिस्टरं, चेकबुक, गच्चीची किल्ली आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद मात्र राजर्षींपाशीच असतं. लोक म्हणतात, बोलण्यात इंग्रजी पेरायची खोड, दुसरं काय! हा माजीसाहेबांवर अन्याय आहे. खोड असती तर क्रियापदं कशीही पडली असती. यांची निवड फार तोलूनमापून झालेली असते.

ती क्रियापदं नीट बघा. रिझाइन, रिलिंक्विश, रिनाउन्स, वेव्ह ही सारी एकट्यानं, आरामखुर्चीत बसल्या बसल्या उरकता येतात. समोर कुणी असायची गरज नाही. हॅन्डओव्हर, ट्रान्सफर, डिलिव्हर ही दुसरी जात. इथे घेणारा लागतो, वस्तू लागते, मोजदाद लागते आणि शेवटी पोचपावती लागते. माजीसाहेब पहिल्या जातीत पारंगत. दुसरीला ते शिवत नाहीत. त्यांच्या तीन पानी राजीनाम्यात ‘हॅन्डओव्हर’ आलाच तर भविष्यकाळात येतो, ‘इन ड्यू कोर्स’चं बोट धरून. यावर कुणी म्हणेल, मराठीतही सोडणं वेगळं आणि देणं वेगळं. मग इंग्रजीच कशाला? कारण मराठी ऐकणारा भोचक असतो. ‘मी सोडलं’ म्हटलं की तो लगेच विचारतो, ‘मग दिलं कुणाकडे?’ ‘रिलिंक्विश’ म्हटल्यावर मात्र तो आदरानं मान डोलावतो, अर्थ विचारला तर आपलंच अज्ञान उघडं पडेल म्हणून गप्प बसतो, आणि तेवढ्यात माजीसाहेब चहा मागवतात.

ही कला मोठ्या घराण्यांतून आलेली आहे. इंग्लंडच्या आठव्या एडवर्डनं डिसेंबर १९३६ मध्ये एका सहीनिशी सिंहासन ‘अ‍ॅब्डिकेट’ केलं. सगळं साम्राज्य फुकटात गेलं. पण बाल्मोरल आणि सँड्रिंगहॅम या इस्टेटी त्याच्या खासगी मालकीच्या, त्या धाकट्या भावाला, म्हणजे नव्या राजाला, पैसे मोजून विकत घ्याव्या लागल्या. जपानचा सम्राट हिरोहितो १५ ऑगस्ट १९४५ रोजी रेडिओवर बोलला, त्या भाषणात शरणागती हा शब्दच नव्हता; दोस्तांच्या संयुक्त जाहीरनाम्यातल्या अटी मान्य आहेत, एवढंच होतं. एकट्यानं बोलायचं तोवर शब्द आपल्या हातात. २ सप्टेंबरला ‘मिसूरी’ युद्धनौकेवर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हायच्या होत्या, तेव्हा कागदाच्या माथ्यावर ‘सरेंडर’ आलंच.

पण माजीसाहेबांचा खरा मूळपुरुष आपल्याच किनाऱ्यावर होऊन गेला. २३ जून १६६१ च्या विवाह-तहानं पोर्तुगालनं मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिलं. युरोपात बसून देणं सोपं होतं. ताबा द्यायचा होता गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियो द मेलु इ कास्त्रू यानं. आणि गंमत अशी की १६६२ मध्ये तो हिंदुस्थानात आला तोच मुळी ताबा घ्यायला निघालेल्या इंग्रज ताफ्याबरोबर. इथे पोचताच त्याच्यातला माजीसाहेब जागा झाला. अधिकारपत्रं बरोबर नाहीत. तहात मुंबई म्हटलंय, त्यात साष्टी कुठून आली? राजाचं नवं पत्र येऊ दे, मग बघू. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आपली पलटण घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसला आणि १६६४ मध्ये तिथेच मेला; पलटणीतले बहुतेक शिपाईही रोगराईनं गेले. अखेर त्याचा सेक्रेटरी हंफ्री कुक यानं फेब्रुवारी १६६५ मध्ये बेट ताब्यात घेतलं, तेही व्हाइसरॉयच्या अटी निमूट मान्य करून. तोवर तहाच्या कागदावर मुंबई देऊन साडेतीन वर्षं उलटून गेली होती.

आता माजीसाहेबांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेला म्हणून समजा, अशा अर्थाचं हाच व्हाइसरॉय आपल्या राजाला कळवत होता, आणि त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. (साष्टी त्यानं वाचवली खरी, ती पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी कोणतंही अधिकारपत्र न दाखवता घेतली.) माजीसाहेबांनाही मनापासून वाटतं की नवी कमिटी सिंकिंग फंड उडवेल, आणि कधीकधी ती उडवतेही. शिवाय घेणाऱ्याला तरी कुठे घाई असते? वार्षिक सभेत ‘सेक्रेटरी कोण होतंय?’ म्हटल्याबरोबर सगळे खिशातले मोबाइल काढून डोकी खाली घालतात. बचाव म्हणून हे अर्धं खरं आहे. पण घेणारा दारात उभा असतानाच चष्मा कसा हरवतो आणि कपाटाची किल्ली नेमकी मुलाबरोबर पुण्याला कशी जाते, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

सरकारनं हा प्राणी फार पूर्वीच ओळखला. म्हणून तर चार्ज रिपोर्टवर जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची, दोघांचीही सही लागते. आणि जाणारा हाती लागलाच नाही तर काय करायचं यासाठी ‘एकतर्फी पदभार’ असा खास शब्दप्रयोग कचेऱ्यांत रुळलेला आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात तर दप्तर जप्त करण्याची सोयच आहे, कलम ८०. तिथलं क्रियापद ‘सीझ’. त्याला देणाऱ्याची संमती लागत नाही. नव्या सेक्रेटरीला ते कलम एकदा नीट वाचायचं असतं. पण अधिनियमाची सोसायटीच्या पैशातून घेतलेली एकमेव प्रत, नेमक्या त्या कलमाखाली लाल पेन्सिलीची रेघ ओढलेली, माजीसाहेबांकडेच आहे. मागितली तर ते ती जरूर देतील, म्हणजे ‘लेंड’ करतील, आठ दिवसांत परत आणून द्यायच्या बोलीवर.