घास गिळण्याविषयी काही उपयुक्त सूचना

अन्न मिळवावे कसे, रांधावे कसे आणि पचवावे कसे, याविषयी आपल्याकडे उपदेशाचा तुटवडा कधीच नव्हता. परंतु पानावरून उचललेला घास नाकाकडे न वळता बिनबोभाट अन्ननलिकेत उतरावा, एतदर्थ सुज्ञ गृहस्थाने काय करावे, या विषयाची मात्र अक्षम्य हेळसांड झाली असल्यामुळे पुढील सूचना सादर करीत आहोत.

प्रथम घास नीट चावून जिभेने मागे लोटावा. येथे आपला अखत्यार संपला. घास घशाशी पोचताच उरलेला कारभार मेंदूचा खालचा भाग परस्पर आपल्या हाती घेतो आणि श्वास तहकूब करून, नाकाची वाट रोखून, स्वरयंत्र वर उचलून साधारण एका सेकंदात घासाची पुढे रवानगी करतो. मालकाची मंजुरी घेण्याची वहिवाट नाही.

तरीही आपल्या पदरी चाकरीस कोण आहे, हे ठाऊक असावे. पडजीभ जेथे लोंबते त्या मृदू तालूवर स्नायूंच्या पाच जोड्या तैनात असून, त्यांपैकी उत्थापक नावाची जोडी दोन्ही बाजूंनी झोळीसारखी तालूस वर व मागे खेचून घशाच्या भिंतीला टेकवते. परंतु सैल कापडाचा मांडव नुसता उचलून भागत नाही, तो ताणावाही लागतो. आणि हे काम करणारा जो ताणक स्नायू, तोच या लेखाचा नायक होय. कवटीच्या तळाशी, कानाजवळ उगम पावून तो सरळ खाली येतो, निमुळता होत त्याचा कंडरा बनतो आणि हा कंडरा एका चिमुकल्या हाडाच्या आकड्याला वळसा घालून, काटकोनात वळून, तालूत पडद्यासारखा पसरतो. जिज्ञासूंनी हात स्वच्छ धुऊन वरच्या शेवटच्या दाढेमागे, किंचित आतल्या अंगाला बोटाने चाचपावे. टेंगूळ लागेल, तोच आकडा. उबळ आल्यास तपास तूर्त स्थगित ठेवावा.

या इसमाची नेमणूकही संशयास्पद आहे. तालूच्या इतर चारही जोड्यांना मेंदूच्या दहाव्या मज्जातंतूकडून हुकूम येतात. याला मात्र पाचव्याकडून, म्हणजे चर्वणाच्या खात्यातून. शिवाय त्याच्याकडे दुसराही हुद्दा आहे: घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी नळी उघडण्याचा. बोरघाटात गाडी चढताना दडे बसलेले कान आवंढा गिळताच मोकळे होतात, ते याच्याच कृपेने. या नळीला युस्टाशी या शरीरशास्त्रज्ञाचे नाव देणारे वाल्साल्वा यांनी 1704 च्या आपल्या ग्रंथात नाक-तोंड मिटून जोराने उच्छ्वास करण्याची युक्ती सांगितली. पुढे लंडनच्या जोसेफ टॉयन्बी यांनी नाक दाबून गिळण्याची सांगितली. दुसरी अधिक सभ्य वाटते. मात्र टॉयन्बी यांचे संपूर्ण अनुकरण करू नये, कारण कानातील गुणगुणीवर विषारी वाफा हुंगण्याचा प्रयोग करताना 1866 साली ते स्वतःच निवर्तले.

पाणी वारंवार नाकावाटे परतू लागले, तर ही पत्रिका बाजूस ठेवून डॉक्टर गाठावा; घटसर्पातून उठलेल्या रोग्याची तालू काही आठवड्यांनी लुळी पडू शकते, हे जुन्या वैद्यांस चांगले माहीत होते. निरोगी माणसाची फजिती बहुधा हसण्यामुळे होते, कारण हसताना श्वास बाहेर पडू पाहतो आणि तालूचा बंदोबस्त ढिला पडतो. सबब पंगतीत विनोदी गृहस्थास शेवटच्या पानावर बसवावे आणि मंडळींचे ताक पिऊन होईपर्यंत त्या गृहस्थास जिलेबीचा आग्रह चालू ठेवावा.