पालपिट्टा रंगात येतो तेव्हा

चैत्र जवळ आला की आदिलाबादच्या काळ्या रानात पाहण्यासारखं काही उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. कापूस घरी आलेला, पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली, जमिनीला भेगा. अशा वेळी विजेच्या तारेवर मातकट रंगाचा, मोठ्या डोक्याचा एक पक्षी निवृत्त तलाठ्यासारखा बसून असतो. हा नीलपंख, इकडचा पालपिट्टा.

मग एकाएकी त्याच्या अंगात येतं. सरळ आभाळात चढतो, तिथून स्वतःला खाली झोकून देतो, आणि कोसळता कोसळता या कुशीवरून त्या कुशीवर कलंडत पंखांतल्या निळ्या छटा अशा उधळतो की मघाचा तो हाच, हे पटू नये. गाण्याच्या नावाने मात्र नुसतं कर्कश किंचाळणं. मादीला ते चालतं. आपण कोण बोलणार?

दसऱ्याला याचं दर्शन शुभ. त्या दिवशी लोक त्याच्यासाठी शिवारं पालथी घालतात. शहरात तर काही जण त्याला पकडून पिंजऱ्यातून दाखवत फिरतात आणि दर्शनाचे पैसे घेतात. कायद्याने गुन्हा आहे, तरीही. खरा खेळ वसंतात, तोही फुकट, तेव्हा कुणी मान वर करत नाही. मी दुर्बीण लावून उभा होतो, तर बैलगाडीवरच्या आजोबांनी विचारलंच, "काय पाहून राहिला, बाबू?"

"पालपिट्टा, आजोबा."

"आता?" त्यांना माझी खरोखरच काळजी वाटली. "दसऱ्याले या ना!"

तेलंगणाने २०१४ मध्ये त्याला राज्यपक्षी केलं. कर्नाटक आणि ओडिशातही हे पद त्याच्याचकडे आहे. आंध्राने मात्र २०१८ मध्ये त्याच्या जागी पोपट नेमला. तीन राज्यांचा कारभार असूनही हा टोळ आणि भुंगेऱ्यांवरच भागवतो, याचं मला कौतुक वाटतं.

पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. तिथला राज्यपक्षी हरियाल. पण इथल्या मराठी घरांत गुढीशेजारी उगादीची पच्चडीही असते, तशीच पक्ष्यांचीही सरमिसळ. यवतमाळच्या तारांवर तेलंगणाचा राज्यपक्षी, तर आदिलाबादच्या पिंपळावर महाराष्ट्राचा. त्यातून हरियाल जमिनीवर पाय ठेवत नाही अशी जुनी समजूत, त्यामुळे तो कुणाच्या हद्दीत उभा आहे हा वादच निघत नाही.

त्याला शोधणं हे मात्र चिकाटीचं काम. हिरवा-पिवळा थवाच्या थवा पानांत असा मुरतो की झाड रिकामं वाटावं. पिंपळ पिकला असेल तर खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर फळं पडत राहतात, आणि फळांखेरीज आणखीही काही. दुर्बीण एखादवेळी विसरली तरी चालेल, टोपी विसरू नये.