परवाना पिण्याचा, दाखला सोडण्याचा

रायगडातलं शिरढोण मुंबई-गोवा महामार्गावर आहे. त्यामुळे इथल्या माणसापासून दारूचं दुकान किती लांब असावं, याचा विचार थेट सुप्रीम कोर्टानं केलेला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कोर्ट म्हणालं, महामार्गापासून ५०० मीटर. मार्च २०१७ मध्ये म्हणालं, वस्ती २० हजारांच्या आत असेल तर २२० मीटर पुरे. लहान गावातला माणूस चालून लवकर दमतो, असा काही पुरावा समोर आला असावा.

राज्य सरकार तर त्याहून काळजीवाहू. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. प्यायची तर परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृती सांभाळण्यासाठी! थट्टा नाही, नियमातच तसं आहे. जनतेची प्रकृती आणखी सुधारावी म्हणून जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं. वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब मांडला.

आता याच रस्त्यावरच्या एखाद्या घरातली बाई नवऱ्याला उचलते आणि फादरच्या किंवा पास्टरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकते. लगेच आळी जागी होते. इतकी वर्षं तो गटारात पडायचा तेव्हा गाढ झोपलेली आळी.

"वहिनी, तिथं प्रार्थना करायला लावतात म्हणे."

"लावू देत. इथं होता तेव्हा मला भांडी विकायला लावत होता."

पण प्रश्न संपत नाहीत. बाटवतात का? गळ्यात क्रूस घालतात का? शंका घ्यायला माझी ना नाही. आजारी माणूस अडलेला असतो आणि अडलेल्याकडून कुणीही काहीही कबूल करून घेऊ शकतो. दारू सोडवायची फी म्हणून कुणी देव बदलून मागत असेल तर त्याला जरूर जाब विचारा. फक्त देवाच्या नावानं दारू सोडवणं हा परदेशी धंदा आहे, असं रायगडात तरी बोलू नका. इथं पिढ्यान्‌पिढ्या माळ घातली की बाटली सुटते. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या बैठकीत दासबोध ऐकून सुधारलेले बापे गावोगाव आहेत. डॉक्टरनं सांगून ऐकलं नाही, बायकोनं रडून ऐकलं नाही, बैठकीत मात्र ऐकलं. त्याच बैठकीच्या आप्पासाहेबांना एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्रभूषण दिला. गर्दीला सरकारनं भर उन्हात बसवलं आणि १४ माणसं उष्माघातानं गेली, तो सरकारी शहाणपणाचा वेगळा अध्याय.

आणि फादर म्हणाल तर वांद्र्याचे जो परेरा घ्या. स्वतः दारूत बुडून वर आलेले. १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन काढलं आणि व्यसनी माणसाला उभं करायला काय वापरलं? पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा योग! कॅथलिक धर्मगुरू दारुड्यांना आसनं शिकवतो, यात कोण कुणाला बाटवतंय ते आळीनं एकदा ठरवून सांगावं. सरकारला काही अडचण दिसली नाही, २००९ मध्ये पद्मश्री दिली.

आणखी एक गंमत. ज्याला आपण निधर्मी समजतो, तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा मार्गही १९३५ साली अमेरिकेत ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या मांडीवरच जन्मला. पुढं त्यांनी शहाणपणानं देवाला मोकळं सोडलं: ज्याला जसा समजेल तसा. म्हणून त्या सभेत खंडोबावाला, येशूवाला आणि कुणीच नसलेला असे तिघे एकाच बाकावर बसून आपली फजिती सांगतात आणि चहा पिऊन घरी जातात.

माझी खरी तक्रार दुसरी आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते, माणूस दगावूही शकतो. तेव्हा डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात, बी-१ जीवनसत्त्व लागतं. स्तोत्र नंतर म्हणा, आरतीही नंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात. त्या कायद्यानं माणसाला साखळीनं बांधणं बंद केलंय. दारावर क्रूस असो की ओम, नोंदणी कुठं आहे आणि रात्री डॉक्टर कोण, हे दोन प्रश्न आधी विचारायचे. आळीनं नेमके हेच कधी विचारलेले नसतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्याकडं जे विषय दिले त्यात फसवून होणारी धर्मांतरं होती. उत्तम. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेला २०१९ चा अहवाल तिनं सोबत चाळावा. देशात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसला तरी उपचार मिळतो. त्या एकाला कुठल्या देवानं पळवलं ते शोधून झालं, की उरलेल्या ३७ जणांना कुणी नादी लावलं, त्याचाही तपास व्हावा. पत्ता महामार्गापासून २२० मीटरवर मिळेल.